मूळ नाटकात असं नव्हतं! नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण आणि तळेगाव या पट्ट्यातल्या होतकरू मंडळींसाठी आहे. सिनेमा संपून दिवे लागायच्या आत ‘मूळ नाटकात असं नव्हतं’ हे वाक्य ठसक्यात म्हणता यावं, एवढाच तिचा माफक हेतू. वयाची अट नाही. आयटीआय, डिप्लोमा, बी. ई., कोणीही चालेल. मूळ नाटक पाहिलेलं किंवा पुस्तक वाचलेलं असण्याची अट तर मुळीच नाही. उलट ज्यांनी वाचलंय ती माणसं या कामात मागे पडतात, कारण त्यांना ऐन वेळी शंका येतात.

लागणारं साहित्य

मोबाइल, इअरफोन आणि कंपनीची बस. यातली बस सगळ्यात मोलाची. शिफ्ट सुटली की चाकणच्या तळेगाव चौकात ती अशी काही रुतते, की नाशिक फाटा येईपर्यंत एक अख्खं नाटक, त्यावरचा सिनेमा आणि वर एक डुलकी, असं सगळं निवांत उरकतं. शेजारचा झोपला असेल तर उत्तम. जागा असेल तर तोच तुमचा पहिला श्रोता. बिचारा उतरून जाणार कुठे?

पायरी पहिली : सुस्कारा

पडद्यावर ‘अमुक यांच्या कादंबरीवर आधारित’ अशी पाटी आली की हलकासा सुस्कारा टाका. बोलायचं काही नाही. त्या कादंबरीकाराशी तुमचा घरोबा होता आणि त्याच्या माघारी चाललेलं हे सगळं तुम्हाला बघवत नाही, असं शेजाऱ्याला वाटलं म्हणजे पायरी पार पडली.

पायरी दुसरी : गेज

तुम्ही क्वालिटीत असाल तर निम्मं काम झालंच म्हणून समजा. पुस्तक किंवा नाटक म्हणजे कस्टमरचं ड्रॉइंग आणि सिनेमा म्हणजे व्हेंडरकडून आलेला जॉब. ड्रॉइंगवर जे माप, तेच जॉबवर पाहिजे. गो-नो गो गेज घालायचं. बसलं तर ओके, नाही बसलं तर लाल टॅग लावून क्रेटमध्ये. पात्र वाढलं, रिजेक्ट. पात्र गळलं, रिजेक्ट. शेवट बदलला, तर अख्खा लॉट परत आणि व्हेंडरला खरमरीत मेल.

पद्धत इतकी सोपी आहे. आता बेंचवर पहिला जॉब घेऊ.

पायरी तिसरी : कट्यार

संगीत नाटकाचा सिनेमा तपासायचा तर ‘कट्यार काळजात घुसली’पासूनच सुरुवात करावी. ड्रॉइंग १९६७ चं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ची आणि खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे साक्षात वसंतराव देशपांडे. जॉब २०१५ च्या दिवाळीतला, दिग्दर्शक सुबोध भावे.

गेज घाला. शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी, रिजेक्ट. कव्वाली, रिजेक्ट. खुद्द कट्यारच रीमा यांच्या आवाजात गोष्ट सांगते, हिला तर दोन टॅग लावा. नाटकातले दुसरे गवई पंडितजी खाँसाहेबांना मिरजेहून विश्रामपूरला कसे घेऊन आले याची सविस्तर हकीकत म्हणजे जादा मटेरिअल, तेही रिजेक्ट. चहाची सुट्टी व्हायच्या आत क्रेट भरतो. नवशिक्याला या टप्प्यावर फार आनंद होतो. तो होऊ द्यावा.

मात्र या गडबडीत एक माप तपासायचं राहून जातं, आणि ते सगळ्यात मोठं आहे. गातं कोण?

नाटकात जो खाँसाहेब दिसतो तोच गातो. ज्या छातीने आत्ताच पंडितजींच्या मुलीवर, उमेवर, आवाज चढवला त्याच छातीने त्याला पुढची तान घ्यायची असते. त्या दिवशी घसा बसलेला असेल तर तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. गाणं रंगलं तर ‘वन्स मोअर’ येतो, गोष्ट जागच्या जागी थांबते, रागावलेला खाँसाहेब पुन्हा पहिल्या सुरावर येतो आणि मग नव्याने रागावतो. हा सगळा प्रकार वास्तवाला धरून अजिबात नाही, आणि संगीत नाटकाचा जीव त्यातच आहे. सिनेमात चेहरा सचिन पिळगावकरांचा, गळा राहुल देशपांड्यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. पंडितजींचा शिष्य सदाशिव म्हणून दिसतात सुबोध भावे, ऐकू येतात महेश काळे. काळ्यांना त्यातल्या गाण्यासाठी पार्श्वगायनाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. तीन गवयांपैकी स्वतःच्या गळ्याने गातात ते एकटे पंडितजी झालेले शंकर महादेवन, ज्यांचा धंदा अभिनयाचा नाही!

मुळापासून एवढं लांब गेलेलं दुसरं काही त्या सिनेमात नाही. तरी त्यावर कोणी टॅग लावत नाही, कारण पडद्यावर एकाने ओठ हलवायचे आणि दुसऱ्याने गायचं हे आपल्या अंगवळणी पडलंय. परदेशात निदान थोडी बोंब होते. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून आपल्याकडे पुलंनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ केलं, तिकडे त्याच नाटकाचं ‘माय फेअर लेडी’ हे संगीतक झालं होतं. रंगभूमीवर ज्युली अँड्र्यूज स्वतः गायची. १९६४ च्या सिनेमात ऑड्री हेपबर्न आली आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सन नावाच्या गायिकेने गायली. त्या वर्षीचं अभिनेत्रीचं ऑस्कर ज्युली अँड्र्यूजला मिळालं, ‘मेरी पॉपिन्स’साठी. ऑड्रीला साधं नामांकनही नव्हतं.

माझं मत विचाराल तर ‘कट्यार’चा सिनेमा नाटकाशी बऱ्यापैकी इमान राखून आहे. गाण्याच्या हव्यासापायी माणूस कुठवर घसरतो हा नाटकाचा कणा त्याने मोडू दिलेला नाही. त्याने गमावलं ते नाटकातला धोका, म्हणजे आत्ता, या क्षणी, सूर चुकू शकतो ही भीती. ती पडद्यावर आणायची सोय नाही, आणि त्याबद्दल दिग्दर्शकाला दोष देण्यात अर्थ नाही.

सरावासाठी दुसरा जॉब

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’, १९११ सालचं, पदांना चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्यावरचा सिनेमा जानेवारी २०२५ मध्ये आला, दिग्दर्शक पुन्हा सुबोध भावेच. इथे कट्टर निष्ठावंतांसाठी एक अडचण आहे. मूळ प्रयोगात भामिनी झाले होते बालगंधर्व. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’तही धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्वच. तेव्हा मूळ म्हणजे मूळ म्हणायचं असेल तर सिनेमातल्या भामिनीला, वैदेही परशुरामीला, घरी पाठवून एखादा गोरागोमटा तरुण नऊवारीत उभा करायला हवा होता. तशी मागणी करणारा एकही निष्ठावंत अजून भेटलेला नाही. निष्ठेलाही सोयीचं टॉलरन्स असतं.

‘नटसम्राट’ लवकर उरकू. नाटक कुसुमाग्रजांचं, १९७० चं, श्रीराम लागूंनी गाजवलेलं. बसवलं होतं याच दारव्हेकर मास्तरांनी, ज्यांनी ‘कट्यार’ लिहिलं. दोन्हींचे सिनेमे दोन महिन्यांच्या आत आले. ‘नटसम्राट’ १ जानेवारी २०१६ चा, महेश मांजरेकरांचा. त्यात विक्रम गोखल्यांचा रामभाऊ हे पात्र वाढीव आहे. गेज म्हणतं रिजेक्ट. पण नाना पाटेकर आणि गोखले समोरासमोर बसतात ते प्रसंग काढून टाका आणि उरलेला सिनेमा बघा. रंगमंचावर नट एकटाच प्रेक्षकांशी बोलू शकतो, त्याला स्वगत म्हणतात. कॅमेऱ्यासमोर एकट्याने तासभर बोललं की माणूस भ्रमिष्ट वाटायला लागतो. त्याला ऐकणारा कोणी तरी लागतो, म्हणून रामभाऊ. त्यातून या नाटकावर शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया आहे, हे कुसुमाग्रजांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. म्हणजे तुमच्या हातातलं ड्रॉइंगसुद्धा आधीच्या ड्रॉइंगवरून सुधारून काढलेलं. कोणतं रिव्हिजन धरून तपासणार?

पायरी चौथी : देहूला जाऊन या

ही पायरी कोणी गाळू नये. निगडीहून देहू काही लांब नाही, रविवारी दुपारच्या आत परत याल.

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस, जिजाई झाली गौरी. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक चित्रपटांत त्याची गणना झाली. या सिनेमाचं मूळ पुस्तक म्हणजे तुकोबांची गाथा आणि पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनांतून सांगितलेलं त्यांचं चरित्र. मूळ याहून पवित्र असू शकत नाही, आणि मूळ जिथे घडलं ती जागा तर आपल्या पट्ट्यातच, एमआयडीसीच्या कुशीत आहे.

आता देहूच्या गाथा मंदिरात जा. चार हजारांवर अभंग भिंतींवर कोरलेले आहेत. या सिनेमातला बीजापासून फळापर्यंतच्या प्रवासाचा जो अभंग सगळ्यांना तोंडपाठ असतो, तो तिथे शोधा. निवांत शोधा, पोरांनाही कामाला लावा. सापडणार नाही, कारण तो तुकोबांचा नाहीच. तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला, आणि असा लिहिला की कित्येकांनी तो तुकोबांचाच मानला.

यातली गंमत पुढे आहे. सालोमालो नावाचा एक इसम तुकोबांच्या रचना आपल्या नावावर खपवत असे, अशी तक्रार गाथेतच आहे. ‘प्रभात’ने त्याला सिनेमातला खलनायक केला. म्हणजे ज्या सिनेमात दुसऱ्याचा अभंग आपला म्हणणारा माणूस दुष्ट ठरतो, त्याच सिनेमातली एका गीतकाराची रचना लोकांनी परस्पर तुकोबांच्या नावावर जमा केली. आठवल्यांची चोरी झाली म्हणावी, की तुकोबांच्या घरात एकाची भर पडली म्हणावं?

गेजप्रमाणे हा जॉब सपशेल बाद आहे. बनावट पार्ट, तोही अस्सल म्हणून फिट केलेला. आणि तरीही संतांवरच्या सगळ्या सिनेमांत मुळाशी इतका प्रामाणिक दुसरा मला माहीत नाही. कारण दामले-फत्तेलालांनी गाथेतली ओळन्‌ओळ पडद्यावर आणायचा अट्टहास केला नाही. गाथेतला माणूस आणला. कर्जबाजारी, बायकोची बोलणी खाणारा, उसाची मोळी घेऊन घराकडे निघाला की वाटेत पोरांना वाटून टाकणारा. आठवल्यांनीही तेच केलं. तुकोबांसारखं लिहिणं म्हणजे तुकोबांचे शब्द उचलणं नव्हे हे त्यांना कळलं होतं. पागनीस तर असे बेमालूम बसले की पुढे घराघरांतल्या तसबिरींत तुकोबा पागनिसांसारखे दिसू लागले. इथे मुळानेच जॉबचं माप घेतलं.

(जाता जाता इंद्रायणीकडेही बघा. ज्या पाण्याने गाथा तारल्या असं आपण मानतो, त्याच पाण्यावर हल्ली आळंदीला फेसाचे ढीग तरंगतात. या मूळ कृतीशी आपल्या पट्ट्याने काय केलंय, त्यावर लाल टॅग कोणी लावायचा, हे या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.)

पायरी पाचवी : आपल्या गावचा पुरावा

बसमधल्या वादात कोणी ‘तुम्हा कंपनीवाल्यांना यातलं काय कळतं’ असं म्हणालं, तर हा पत्ता काढायचा. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वरचा सुजय डहाके यांचा सिनेमा. ५९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, आणि रूपांतरित पटकथेचं पारितोषिकही त्यालाच मिळालं. पटकथाकाराचं नाव यादीत असं छापलंय : अविनाश देशपांडे निगडी. नावातच निगडी! देशभरातल्या त्या वर्षीच्या सिनेमांत पुस्तकाचा सिनेमा करण्याचं पहिलं बक्षीस आपल्या गावच्या नावावर आहे.

आणि ते बक्षीस कशासाठी होतं, हेही पाहा. कादंबरी नववीतल्या मुकुंद जोशीच्या तोंडून येते. आणीबाणीचे दिवस, मास्तरांची नक्कल, त्याला आवडणाऱ्या शिरोडकरचा रस्ता, हे सगळं त्याच्या मनातल्या बडबडीत आहे. पुस्तक वाचताना आपण त्या बडबडीवर जगतो. पडद्यावर ती बडबड तशीच ठेवली तर पोरगा दोन तास बोलतच राहील. मग वाक्याच्या जागी नजर घालावी लागते, प्रकरणाच्या जागी वर्गातला एक बाक. यात गळतं पुष्कळ, आणि कादंबरी पाठ असलेल्या माणसाला गळलेलंच आधी दिसतं. माझंही तसंच होतं. पुस्तकातला मुकुंद सिनेमातल्यापेक्षा जास्त चावट आहे यावर मी अजून ठाम आहे. पण काय गाळायचं हे ठरवणं हीच तर पटकथा. त्यासाठीच पारितोषिक असतं. न बदलण्यासाठी सरकार अजून तरी कोणाला बक्षीस देत नाही.

पायरी सहावी : पत्ते पाठ करा

आपल्या महापालिकेच्या नाट्यगृहांची नावं नीट वाचली तर या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम तिथेच होतो. आचार्य अत्रे रंगमंदिर कुठे आहे? पिंपरीत, संत तुकारामनगरला. एका पत्त्यात दोन रूपांतरं. अत्र्यांनी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९५३ मध्ये पडद्यावर आणली आणि चित्रपटासाठीचं पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. तेवढ्या सगळ्या दाखवायच्या तर प्रेक्षकांना अंथरूण-पांघरूण घेऊन बोलवावं लागलं असतं. ‘शाळा’वाल्या डहाक्यांनी २०२३ साली पुन्हा ‘श्यामची आई’ केली, तीही कृष्णधवल. दोन्ही बघा. एकाच मुळाची दोन माणसं दोन वेगळी मापं घेतात, आणि दोघंही चोर नसतात.

पिंपळे गुरवला निळू फुल्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस ज्यात आहे तो १९७९ चा ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी लिहिला. दोन ड्रॉइंगांचा एक जॉब! गेजवाल्याने इथे सरळ राजीनामा द्यावा. दिग्दर्शक जब्बार पटेल. त्यांनीच १९७७ मध्ये गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’चा सिनेमा केला. गोनीदा आपल्या शेजारचे, तळेगाव दाभाड्याचे. कादंबरी गद्य, सिनेमाने ती ना. धों. महानोरांच्या शब्दांनी आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींनी जवळजवळ गाऊन दाखवली. नाटकातली गाणी सिनेमात कमी झाली तर आपण ओरडतो, इथे पुस्तकात नसलेली गाणी भरमसाट आली आणि कोणी हूं की चूं केलं नाही. चांगलं जमलं की निष्ठेचा प्रश्न विचारायला माणसं विसरतात, हे नवशिक्यांनी लक्षात ठेवावं. धंद्याला घातक आहे. हेच जब्बार पटेल जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला झालेल्या शंभराव्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते.

नेहमीच्या शंका

‘दुनियादारी’बद्दल काय बोलावं? शक्यतो बोलू नये. सुहास शिरवळकरांची कादंबरी तोंडपाठ असलेला एक तरी माणूस प्रत्येक लाइनवर असतो, आणि २०१३ च्या सिनेमाला त्याने अजून माफ केलेलं नाही. विषय काढलात तर शिफ्ट संपेल, तो संपणार नाही.

आनंद यादवांच्या ‘नटरंग’चं काय? तो गृहपाठ. कादंबरीचं शेवटचं प्रकरण आणि सिनेमाचा शेवटचा प्रसंग लागोपाठ वाचा-बघा, आणि लेखकाने नायक गुणाला कुठे सोडलं, दिग्दर्शकाने कुठे, ते स्वतः ठरवा. इथे मी उत्तर देणार नाही.

गेज फेकून द्यायचं का? नको, कंपनीत लागेल. सिनेमाला मात्र वेगळा प्रश्न विचारा : जे पडद्यावर आणताच येत नव्हतं, त्याच्या जागी यांनी काय ठेवलं? रामभाऊ ठेवला, आठवल्यांचा अभंग ठेवला, महानोरांची गाणी ठेवली, तर हात जोडा. नुसतंच कापून जागा रिकामी सोडली असेल, तर खुशाल ओरडा. तिथे मी तुमच्याबरोबर आहे.

आणि वाचायचंच असेल तर? तर मग वाचाच. चिंचवडच्या मोरे प्रेक्षागृहात किंवा भोसरीच्या लांडगे नाट्यगृहात ‘कट्यार’चा प्रयोग लागला तर सेकंड शिफ्ट बदलून घ्या, आणि गाणं रंगलं तर लाजू नका, वन्स मोअर तुम्हीच द्या. मित्राकडून आणलेली ‘शाळा’ मात्र वाचून झाल्यावर परत करा. तो मागत नाही, पण विसरलेलाही नाही.